पाटी नसलेला कापूस

कंपनीच्या फोटोंमधल्या सगळ्या पाट्या मी कापून टाकल्या. एक-दोन न्हाई, पाच हंगामांच्या. तेही मन लावून, शनिवारची सुट्टी घालवून.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रसिद्धी विभागात मी होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तोवर आमच्याकडे ज्याचे फोटो त्याच्या कपाटात. बोंडाचा एक फोटो हवा तर चार टेबलं फिरायची, दोघांना चहा पाजायचा. मंग कंपनीनं एक सॉफ्टवेअर आणलं. सगळ्यांचे फोटो एका जागी ठेवायचे, प्रत्येकाला पीक, वाण, गाव, हंगाम अशी माहिती जोडायची. पुढं कुणीही 'कापूस, अंबड' असं टाइप केलं की फोटो समोर हजर. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो. काम माझ्याकडं आलं, कारण ऑफिसात टाय लावणारा मी एकटाच.

चाचणीच्या प्लॉटचा फोटो घेताना पिकाच्या पायाशी काळी पाटी धरतात. तिच्यावर खडूनं वाणाचा नंबर, गाव, प्लॉट. मला ती पाटी म्हणजे नवरीच्या फोटोत आलेली चप्पल वाटायची. म्हणून कापली. मूळ फोटोवरच 'सेव्ह' दाबत गेलो; माहिती काय, सवडीनं भरू. वर सगळ्या फील्डच्या लोकांना फोन करून सांगितलं की फोटो आता सर्व्हरवर सुरक्षित आहेत, कॅमेऱ्याची कार्डं बिनधास्त रिकामी करा. त्यांनीही इतकं जल्दी ऐकलं, जितकं एरवी कधीच ऐकत नसत.

गुरुवारी वाण तयार करणाऱ्या मॅडम आल्या. सोमवारी वाण निवडणाऱ्या समितीसमोर त्यांचं कापसाचं वाण जाणार होतं. कमी पाण्यात ते तग धरतं हे दाखवायला अंतरवाली सराटीचा, पावसानं दडी मारलेल्या वर्षीचा फोटो हवा होता. तो नसला तर वाण बाद, आणि त्यांची सात वर्षांची मेहनतही. मी ऐटीत नाव टाइप केलं. काहीच आलं न्हाई. त्या वर्षीचे फोटो तासभर चाळले तेव्हा तो सापडला. शेजारी शेजारी दोन पट्टे, एक हिरवा, एक माना टाकलेला.

"यातला माझा कोणता?" मॅडमनी विचारलं.

"हिरवा असंल की," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

शेवटी आमच्या फील्ड सुपरवायझरांना बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. घरी उर्दू, शेतात मराठी, आणि कॉम्प्युटरपासून कायम दोन हात लांब. येताना पिशवीत जुन्या डायऱ्या घेऊन आल्ते. फोटो कापला तरी त्याची तारीख कॉम्प्युटरमध्ये शाबूत होती. ती सांगितली की चाचा डायरीत त्या दिवसाचं गाव काढत, मंग मातीचा रंग, बांधावरची बाभूळ, पाटी धरणाऱ्याची उरलेली चार बोटं पाहून शेत सांगत. मॅडम जुन्या नकाशावरून प्लॉट जुळवत. मी टाइप करत होतो. दोन दिवसांत बराचसा संग्रह उभा राहिला. जे नक्की सांगता येईना तिथं चाचांनी 'माहीत न्हाई' असंच लिहायला लावलं. तसं लिहिताना माझा हात अडखळायचा. त्यांचा शब्द अडखळला न्हाई.

अंतरवालीचा फोटो मात्र अडून बसला. नकाशात मॅडमचा पट्टा पश्चिमेला, पण फोटोत पश्चिम कुठली? मी हळूच म्हणालो, हिरवा मॅडमचा असं लिहून टाकू, कोण बघतंय.

"मी बघून राह्यलो ना," चाचा म्हणाले.

त्यांनी डायरी उघडली. त्या दिवशी सकाळी अंतरवाली, दुपारी कुंभार पिंपळगाव. मंग स्क्रीनला नाक लावून झाडांच्या सावल्या पाहिल्या.

"फोटो सकाळचा. सूर्य पूर्वेला, तर सावली पश्चिमेला पडंल. बघा, सावल्या हिरव्या पट्ट्याकडं चालल्यात. हिरवा मॅडमचाच. आता लिहा."

मॅडमनी नकाशा परत ताडून पाहिला, मंग चष्मा काढून बराच वेळ पुसला. सोमवारी वाण समितीतून पुढं गेलं.

मी मात्र फोटो जुळला त्या क्षणीच उत्साहात आल्तो. चाचांना म्हणालो, सॉफ्टवेअर कितीही भारी असू द्या, शेवटी माणूस तो माणूस; मशीनला काय कळतंय?

चाचा डायऱ्या पिशवीत भरत होते.

"साहेब, मशीनला न्हाई कळत, बराबर आहे. पण फोटोत पाटी मशीननं घेतली होती. कापली तुम्ही."