मावशीचं मिथेन

कुंदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात होते. काका एवढंच म्हणाले, "मीनल, सकाळी उठलीच नाही गं ती." त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. परवाच्या रविवारी मी तिला मिथेन विचारलं होतं, हा होता. आज महिना होऊन गेला, तरी तो विचार जागचा हलत नाही. म्हणून लिहायला बसले...

मावशी नात्यातली नव्हती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खाली राहायचो, ती आणि तिचे यजमान, म्हणजे काका, वर. काका मिनिस्ट्रीत होते, ती एका शाळेत केमिस्ट्री शिकवायची. अकरावीच्या सहामाहीत मी केमिस्ट्रीत आपटले, तेव्हा आईने मला वरचा जिना दाखवला. घरोघरी नुकती केबल आली होती, पेपरातून रोज नव्या कोचिंगचं रंगीत पत्रक पडायचं, आणि वर्गातल्या निम्म्या मुली रेणूंचे आकार गाण्यासारखे घोकून यायच्या. मीही घोकले होते. पाणी वाकडं, अमोनिया तिवईसारखा, मिथेन टेट्राहेड्रल. टेट्राहेड्रल म्हणजे कसा गं, असं मावशीने विचारल्यावर मी वहीत ठसठशीत अधिकचं चिन्ह काढलं. मधे कार्बन, चार टोकांना चार हायड्रोजन, सगळं कसं सपाट. ती हसली नाही की रागावली नाही. भावाच्या वाढदिवसाचे फुगे उरलेत का ते बघून ये, म्हणाली.

चार फुगे फुगवून तिने त्यांची तोंडं एकत्र बांधली आणि जमिनीवर सोडून दिले. ते आपोआप सरकले. तीन खाली टेकले, एक वर उभा राहिला, हाच तो टेट्राहेड्रल. मी दाबून सपाट करायला गेले, तर हात काढताच पुन्हा तसेच.

"यांनी कुठे पाठ केलंय?" ती म्हणाली. "एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जातात, एवढंच. विसरलीस तर घाबरू नकोस. विसरलेलं पुन्हा काढता येतं."

अमोनियासाठी तिने वरच्या फुग्यावर आपला रुमाल टाकला. झाकलेला फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी, ती दिसत नाही, पण जागा अडवते, म्हणून खालचे तिघे जरा दबून बसतात, हे तेव्हा कळलं ते कायमचं. मावशीने मला कधीही अचानक "सांग पाहू" म्हटलं नाही. उत्तर येईना झालं की हातात काहीतरी द्यायची, फुगे नाहीतर कणकेचे गोळे, आणि शांतपणे भाजी निवडत बसायची. मला सुचेपर्यंत पाहिजे तितका वेळ.

पुढे सगळेच पांगलो. काका निवृत्त झाले, वर्षानुवर्षं रखडलेला सोसायटीचा फ्लॅट एकदाचा मयूर विहारला मिळाला. मी एका परदेशी कंपनीत लागले आणि गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेले. जाणं-येणं सणावारापुरतं उरलं. मग काका एकदा फोनवर म्हणाले की मावशी विसरायला लागली आहे, चहात दोनदा साखर घालते, भाजीवाल्यासमोर भाजीचं नाव आठवत उभी राहते. तिला बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बहुतेक रविवारी जाऊ लागले, आणि बोलतं ठेवण्याची माझी तऱ्हा म्हणजे प्रश्न. पाणी? वाकडं. कार्बन डायऑक्साइड? अगं, सरळ रेषेत. मग मी काकांकडे विजयी मुद्रेने बघायची, की बघा, काही झालेलं नाही हिला. खरं सांगायचं तर धीर मला हवा होता, आणि त्यासाठी मी तिची परीक्षा घेत होते. उत्तरं अडखळायला लागली तरी थांबले नाही, उलट जास्त नेमाने विचारू लागले. मी आत आले की ती पदर सारखा करायची, काकांकडे बघायची. मला ते दिसत होतं. ते मी आजारावर ढकललं.

त्या शेवटच्या रविवारी मला निघायची घाई होती, टोलनाक्यावर रांग लागायच्या आत पोचायचं होतं. उठता उठता विचारलं, "मावशी, मिथेन?" ती खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. मग "थांब हं" म्हणाली आणि भिंतीला धरून आतल्या खोलीकडे निघाली. मला वाटलं, प्रश्नच विसरली. पायात चपला सरकवत मी म्हणाले, "टेट्राहेड्रल, मावशी. असू दे आता." ती दारात थांबली. वळून म्हणाली, "हो, तेच." आणि मी निघाले.

तेराव्यानंतर काकांना आवराआवरीत मदत करायला गेले होते. आतल्या खोलीचं दार लोटलं, तर दारामागच्या खुंटीला चार फुगे लटकत होते. सुरकुतलेले, मलूल, तोंडं एका दोऱ्यात बांधलेली. काका माझ्या मागेच उभे होते.

"शनिवार आला की धास्ती भरायची तिला," ते म्हणाले. "मीनल येणार, विचारणार. दुपारभर पाठ करायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं साफ. त्या शनिवारी म्हणाली, पाठ होत नाही तर मी काढून दाखवीन. मला मार्केटमध्ये पिटाळलं फुगे आणायला. दम पुरेना तिला, दोन मी फुगवले."

"मला का नाही सांगितलंत, काका? मी बंद केलं असतं..."

"बिल्कुल सांगणार होतो. तिनेच मना केलं. म्हणाली, राहू दे, विचारलं की पोरीला बरं वाटतं."

जिने मला आयुष्यात काही पाठ करायला लावलं नाही, तिला मी म्हातारपणी घोकंपट्टीला बसवलं. आणि ती काढून दाखवायला निघाली तेव्हा मी तिच्यासाठी दोन मिनिटं थांबले नाही. याची मला लाज वाटते, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नाही.

काकांकडून ते फुगे मी मागून घेतले. आता माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे असतात. आकार कधीच गेलाय, पण आत थोडी थोडी हवा अजून आहे. रविवारी मी काकांकडे जाते, त्यांच्याबरोबर भाजी निवडत बसते. चौघांपैकी तिने फुगवलेले दोन कोणते, ते त्यांना ठाऊक असेल. मी विचारलेलं नाही.