गच्चीवरच्या मूर्ती

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गावातली शाळा संपवून महाविद्यालयात गेले, तिथल्या चित्रकलेच्या सरांनी महानदीकाठच्या एका उत्खननावर मला रेखाटनाचं काम मिळवून दिलं. त्यांचे उपकार मी आजही मानते. निघालेली खापरं, मणी, लहान मृण्मूर्ती मोजून कागदावर उतरवायच्या. नियम एकच होता: जे आहे तेवढंच काढायचं. हात तुटलेला असेल तर तो मनानं जोडायचा नाही.

लग्नानंतर रायपूरला, बूढापाऱ्यात आले आणि स्वतःच्या मूर्ती करू लागले. जात्यावर बसलेली बाई, भारा वाहणारा माणूस, कडेवर मूल घेतलेली आई. कुणाला हात नाही, कुणाला पाऊल नाही. मला त्या तशाच पूर्ण वाटत. घरात मात्र ठरलं होतं की या उन्हाळ्यात प्रदर्शनाचं पक्कं झालं तर ठीक, नाहीतर जूनपासून एका खाजगी शाळेतली नोकरी. एका कलादालनाचे संचालक सोमवारी मूर्ती बघायला येणार होते.

शनिवारी मी गोल बाजारातून परतले तर मूर्तींचं मेज रिकामं.

"आई, मूर्ती कुठं आहेत?"

"शिरवून आली तलावात," सासूबाई म्हणाल्या. "हळदकुंकू वाहून, फुलं घालून. खंडित देव घरात ठेवत नसतात."

"देव नव्हते ते. ती दळणारी बाई होती."

"मले काय माहीत? अन् मुद्दाम मोडकं कोण बनवते व?"

मूर्ती अजून भट्टीत गेल्या नव्हत्या. कच्ची माती, पाण्यात काही उरलं नसणार. सोमवारी कोण येणार होतं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी निवडायची भाजी बाजूला सारली.

"मंग सांगाचं होतं न आधी. कर पुन्हा. पण घरात नाही."

"मग कुठं?"

"गच्चीवर. गच्ची घरात नाही येत."

संचालकांना फोन करून मुदत मागितली, त्यांनी दिली. सासूबाई पाण्याची बादली वर आणून देत, मूर्तींना हात लावत नसत. नव्या मूर्ती घाईत झाल्या. त्यातल्या दोन मला अजूनही आवडत नाहीत.

संचालक आले, कठड्याशी उभे राहून एकेक मूर्ती फिरवून पाहिली. मग विचारलं, "इतक्या उन्हात का ठेवता?"

"घरात चालत नाही, भैया," सासूबाई म्हणाल्या.

ते म्हणाले, दिवाळीनंतर प्रदर्शन करू, पण मूर्ती याच्या दुप्पट लागतील. मी मनात हिशेब करत होते.

"होऊन जाईल," सासूबाईंनीच उत्तर दिलं. "पण नेताना बाहेरच्या जिन्यानं न्या. घरातून नको."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला नकार कळवला.