स्कूटरवरून उठताना

संधिवाताने माझे गुडघे धरले त्याला दोन वर्षं झाली. घरात मी भिंतीच्या आधाराने चालते, पण अबू धाबीच्या थीम पार्कमध्ये दिवसभर फिरायचं म्हणजे खलासच. म्हणून गेटवरच बॅटरीची स्कूटर भाड्याने घेतली. नवरा रुवैसला रिफायनरीत ड्युटीवर, त्यामुळे अजमानहून मी आणि नऊ वर्षांची लेक, दोघीच आलेलो.

स्कूटरवर बसलं की माणसांचे चेहरे कमी आणि ढुंगणं जास्त दिसतात. फोनमध्ये डोकं घातलेले लोक बरोबर चाकासमोर थांबतात आणि वर माझ्याकडेच असं बघतात, की मीच मधे कडमडले. तोंडाने ‘एक्स्क्यूज मी’ आणि मनात शिव्या, असं करत मी पुढे सरकत होते. लेकीला एकच राइड हवी होती, पाण्यातली होडी. याआधी दोनदा ती बापाबरोबर बसली होती आणि मी बाहेर बॅगा सांभाळल्या होत्या. या वेळी तिला माझ्याबरोबर बसायचं होतं. आठवडाभर तेच एक पालुपद.

होडीपाशी लोकांना बसवणाऱ्या बाईने विचारलं, तीन पावलं चालून आत बसता येईल का? उचलून बसवायची त्यांना परवानगी नव्हती. मी हो म्हटलं आणि उभी राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणा बाईचा आवाज आला, चक्क मराठीत. "बघ, उभी राहिली. नाटकं नुसती. रांग चुकवायला बसतात."

एरवी मी वळून चार शब्द सुनावले असते; माझी जीभ तशी कुणाला भीत नाही. पण हे वर्मी लागलं, कारण ते नाटक आम्ही केलेलं आहे. रत्नागिरीहून अम्मी यायची ती ठणठणीत, विहिरीचं पाणी ओढणारी. इमिग्रेशनला इंग्रजीत काय विचारतील या धास्तीने आम्ही दर वेळी तिच्या विमानाच्या तिकिटावर व्हीलचेअरची मागणी टाकायचो. आमच्यात सगळेच टाकतात. ढकलणारा माणूस काउंटरवरून थेट दारापर्यंत आणून सोडतो. एकदा मला बघून ती खुर्चीतून उठली आणि धावतच आली. मी तिला मिठी मारायच्या आधी दटावलं, "बस खाली, लोक बघतायत."

आणि आता मी स्वतःच खाली बसले. "नाही जमणार," मी होडीत बसवणाऱ्या बाईला इंग्रजीत सांगितलं.

ती गोंधळली. आत्ता तर उभी होते मी. तिने लेकीला विचारलं, मम्मी चालू शकते ना? लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. मराठी तिला बोलता येत नाही, पण कळतं सगळं.

"नो," ती म्हणाली. "माय मम्मा कान्ट वॉक." मग खाली मान घालून ती माझ्या टोपलीतली पाण्याची बाटली उगाच नीट करत राहिली.

हातातोंडाशी आलेली राइड सोडून पोर माझी अब्रू राखायला खोटं बोलली होती. स्वतःचीच इतकी लाज वाटली, की गुडघ्यांचं दुखणं विसरले.

चावी काढली, कठडा धरला आणि उठले.

"मला चालता येतं," मी मोठ्याने म्हटलं, मराठीतच, पार मागे ऐकू जाईल असं. "तीनच पावलं येतं. त्यापुढे नाही येत." आणि लेकीचा हात धरून तेवढी चालले.