दिसण्याच्या दिवशी

एप्रिलच्या अखेरीस, लेस्बियन बायकांनी उजळ माथ्याने जगाला दिसावं म्हणून एक दिवस पाळतात. अमरावतीत आम्ही तो एका शिकवणीवर्गाच्या वरच्या खोलीत पाळायचो. खिडक्या लावून! उन्हाच्या निमित्ताने सगळ्याच तोंडाला दुपट्टा बांधून येत आणि आत आल्यावर सोडत.

भातकुलीकडची एक बाई मात्र कधीच सोडायची नाही. तिच्या हिरव्या दुपट्ट्याला फवारणीच्या औषधाचा वास यायचा. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, चहा नाकारायची, आणि ओळख सांगायची पाळी आली की घोगऱ्या आवाजात म्हणायची, "मी आहो. बस."

यंदाही तीच खुर्ची, तोच दुपट्टा, तोच वास. मी सवयीने चहा पुढे केला, तर तिने चक्क दुपट्टा सोडून कप घेतला.

"दिसलात बाई एकदाच्या!" मी म्हटलं.

"मी ते बाई नाही, ताई." आवाज अगदी बारीक, कोवळा. "ते पोळ्याच्या आधीच गेली. फवारताना औषध चढलं. आमी संगंच राहत होतो. जाताना मले म्हणे, माही खुर्ची रिकामी नको ठेवजो."

चहा संपवून तिने दुपट्टा पुन्हा घट्ट बांधला. ओळखी सुरू झाल्या. तिची पाळी आली, तेव्हा त्या हिरव्या दुपट्ट्यातून घोगरा आवाज आला.

"मी आहो. बस."