पायथ्याशी बसणारा माणूस

मी भुताखेतांना मानत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझा अर्धा जन्म गेला, आणि जे बाटलीत भरून तपासता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी चांगलीच जिरली. पण जिरली म्हणून मत बदललं असं मात्र कुणी समजू नये.

बोईसरला लागून असलेल्या सरावलीतलं आमचं घर बैठं, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. आधीची दोन कुटुंबं तिथून लवकर उठून गेली होती. "त्या घरात कोन टिकत नाय," असं शेजारीण पहिल्याच दिवशी सांगून गेली. चौकशी केली तर एकाची बदली झाली होती, दुसऱ्याने गावाकडे घर बांधलं होतं. यात भुताचा काय संबंध? मी हसले आणि सामान लावून होताच मुरब्याला, सासरच्या गावी जाऊन सासूबाईंना घेऊन आले.

त्यांना आणायचं हा माझाच हट्ट. माझं लग्न झालं तेव्हा सुनेने शिफ्टची नोकरी करावी हे मुरब्यात कुणालाच रुचलं नव्हतं. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन संसार ओढलेल्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मी बाजारात जाते ते चालते, मंग तिनं कंपनीत का नाय जायाचं?" त्या एका वाक्याच्या जोरावर मी इतकी वर्षं नोकरी केली. त्यांनी म्हातारपणी माझ्या घरात, माझ्या हातचं खावं, एवढंच मला हवं होतं.

मे महिना झकास गेला. पाऊस लागून पंधरवडा झाला आणि एका सकाळी चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "बाय, माझ्या पायथ्याशी कोनतरी येऊन बसते."

मी म्हटलं, स्वप्न असेल. चार दिवसांनी तो माणूस छातीवर बसू लागला. सकाळी त्यांचं डोकं जड, तोंडाला चव नाही, उठताना झोक जायचा. ज्या बाईने भर पावसात टोपली सांभाळली ती न्हाणीपर्यंत भिंत धरून जाऊ लागली. डॉक्टरांनी तपासलं, वय झालंय म्हणाले. नवरा बिचारा कधी माझ्याकडे बघायचा, कधी आईकडे. आणि सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. मला त्या घरापेक्षा त्या गप्प बसण्याचीच भीती वाटू लागली.

ही बातमी मुरब्यात दिलेल्या नणंदेपर्यंत पोचायला कितीसा वेळ? एका रविवारी सकाळी ती रिक्षा करून हजर झाली, सोबत डोंगरपट्टीतला एक भगत. "वयनी, राग धरू नको," ती म्हणाली. "ह्यानं घर वाईट सांगितलं तर आईला मी आजच नेते. मंग परत नाय पाठवनार." सासूबाईंनी पिशवी भरूनच ठेवली होती.

भगत वाळकासा, माझ्याच वयाचा. आता हा लिंबू कापणार, कोंबडा मागणार, आणि मग मी याला चार शब्द सुनावणार, अशी माझी तयारी झाली होती. त्याने तसलं काही केलं नाही. घरभर फिरला, सासूबाईंच्या खाटेवर बसला आणि त्यांना विचारलं, "आजी, अंगावर काय घेता?" त्यांनी गोधडी दाखवली. जुन्या लुगड्यांची, त्यांनीच शिवलेली. ती डोक्यावरून ओढून घेतल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. भगताने ती नाकाशी नेली आणि झटकन मागे घेतली.

"ही दिवसा कुठं ठेवता?"

मी ऐटीत दाखवलं. पावसात गोधड्यांना कुबट वास लागतो, म्हणून मी भंगारवाल्याकडून झाकणाचा निळा प्लास्टिकचा ड्रम आणला होता. कारखान्यांतून रिकामे झालेले हे ड्रम आमच्याकडे घरोघर असतात. कुणी पाणी भरतं, कुणी तांदूळ. मी तर सोडा टाकून तीनदा धुतला होता आणि शेजारणीला धुण्याची रीतही शिकवली होती.

भगताने झाकण काढून आत तोंड घातलं. "माझा भाऊ कंपनीत हाय," तो म्हणाला. "त्याच्या कपड्यांना असाच वास मारते. तुमाला येत नाय?"

येत नव्हता. इतकी वर्षं रसायनं हुंगून माझं नाक कधीच गेलं होतं, कंपनीतच राबणाऱ्या नवऱ्याचंही तेच. सासूबाईंनी मात्र पावसाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बाय, हितं वास येते." मी म्हटलं होतं, "आई, बोईसरला वास येतोच." आणि खिडकी लावून घेतली होती. प्लास्टिक रसायन पिऊन घेतं, कितीही धुवा, उबेने ते परत सोडतं, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी बजावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने ती गोधडी घडी घालून ड्रममध्ये कोंबत होते, वर झाकण घट्ट लावत होते, आणि रात्री म्हातारीच्या अंगावर घालत होते.

सगळे माझ्याकडे बघत होते. हवेचा वास आहे म्हटलं असतं तर नणंदेने मान डोलावली असती, माझी शान राहिली असती, आणि सासूबाई रिक्षात बसल्या असत्या. मला लाज वाटली, अशी आजवर कधी वाटली नव्हती.

"घरात काही नाही," मी म्हटलं. "आई, तुमच्या छातीवर बसणारा हा ड्रम आहे. तो मी आणलाय. तुम्हाला मी आजारी पाडलं."

नणंद काहीतरी बोलणार होती. सासूबाईंनी तिला हाताने थांबवलं. भिंत धरून त्या ड्रमपाशी आल्या, आत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मंग ह्याला रिक्षात घाल," त्या लेकीला म्हणाल्या. "मी कशाला जाऊ?"