काचेवरची साय

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले होते. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या गोपभाईंच्या कारखान्यात मी जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि यंत्राच्या चौकटीत नवा पडदा बसवून बोल्ट आवळत होते. हे बोल्ट समोरासमोरचे आवळायचे असतात. एका ओळीत आवळत गेलं तर पडदा चिमटतो, म्हणून मध्येच हात सोडता येत नाही. गोपभाईंनीच फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे बायजाआत्या होत्या, काशिनाथकाकांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून त्या बदलापूरला काकांकडेच राहतात. "बाय, काशी उठंना," एवढंच त्या म्हणाल्या. मी "निघते" म्हणाले, उरलेले चार बोल्ट आवळले, गळती नाही ना हे पाहिलं आणि मगच उठले. हे ऐकून लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. काकांनी तसं बघितलं नसतं. बोल्ट सोडून पळत गेले असते तर मात्र त्यांनी माझी खरडपट्टी काढली असती.

ते माझे सख्खे काका नव्हते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते होते आणि मी बी.एस्सी. होऊन, बुवापाड्यातल्या घरून डबा घेऊन, त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी मी वापरलेल्या अल्कोहोलच्या ड्रमवर चिठ्ठी लावली, "बाहेर पाठवणे". काकांनी ती वाचली आणि विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं गं?" मी म्हटलं, बाहेर म्हणजे कंपनीच्या बाहेर. "म्हणजे कुणाच्या तरी घरात," ते म्हणाले आणि कामाला लागले. ते बारवी नदीकडच्या भातशेती करणाऱ्या घरातले. नदीचं पाणी तसंच ओंजळीने प्यायलेला माणूस. उपदेश करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या एका प्रश्नाने मला आणि त्यांना स्वतःलाही पुढची कितीतरी वर्षं सुखाने जगू दिलं नाही.

अडचण अशी होती. सुटे भाग धुवायला वापरलेल्या अल्कोहोलमध्ये पाणी शिरतं. उकळून ते थोडंफार वेगळं होतं, पण एका टप्प्यावर दोघं हट्टाला पेटतात आणि वाफसुद्धा जोडीनेच धरतात. तिथून पुढे कितीही जाळ घाला, उपयोग शून्य. मग ते ड्रम "बाहेर" जातात, म्हणजे रात्री कुठल्यातरी नाल्यात रिकामे होतात. यावर उपाय म्हणजे पाण्याला वाट देणारा आणि अल्कोहोलला दारात थोपवणारा पडदा. पलीकडून पंपाने हवा खेचली की पडद्यातून फक्त पाण्याची वाफ निघून जाते. असे पडदे परदेशातून येतात, मोठ्या कारखान्यांच्या मापाचे. गोपभाईंसारखा दोन खोल्यांत पितळी जोडण्या धुणारा माणूस त्यांच्या वाटेला जाणार नाही. काका निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी वसाहतीत अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि मला म्हणाले, "येतेस का? पगाराचं सांगत नाही, डोकं दुखेल एवढं नक्की." मी गेले. घरच्यांनी मला वेड्यात काढलं आणि त्यांचं फार चुकलं असंही नाही.

पडदा हा शब्द आम्ही गिऱ्हाइकासमोर वापरायचो. आपसांत काका त्याला साय म्हणत. गोंदाच्या जातीची एक पांढरी भुकटी गरम पाण्यात सावकाश विरघळवायची, बुडबुडे बसेपर्यंत ठेवायची, मग ते पाकासारखं द्रावण जाड काचेच्या एका टोकाला ओतायचं आणि स्टीलच्या पट्टीने एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचं. वाळलं की काचेवर पारदर्शक साय धरते. ती सोलून, भट्टीत शेकून चौकटीत लावायची. ऐकायला पापड लाटण्याइतकं सोपं. पहिली दोन वर्षं एकही साय टिकली नाही. कुठे बुडबुडा, कुठे धुळीचा कण, कुठे सुईच्या टोकाएवढं भोक. काका प्रत्येक साय ट्यूबलाइटसमोर धरायचे आणि "हिचा डोळा फुटलाय" म्हणून बाजूला ठेवायचे. फेकायचे मात्र नाहीत. पाण्यात विरघळवून पुन्हा भुकटीपासून सुरुवात केल्यासारखे त्याच उत्साहाने ढवळायला बसायचे. मला रडू यायचं, आणि या माणसाला भूक लागायची.

आमची कामं वाटलेली होती. द्रावण, भट्टी, चाचण्या, गिऱ्हाइकं माझी. पट्टी काकांची. ओढताना ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, जप करतात. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे, म्हणून मी कधी विचारलंही नाही. यावरून आमचं एकच मोठं भांडण झालं. मी म्हटलं, मोटारीवर चालणारी पट्टी बनवून घेऊ, तुमच्यानंतर काय? ते म्हणाले, "मोटारीला साय कळत नाही. तुला कळते. तू ओढ." मी म्हटलं, उद्या. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. एवढ्या मेहनतीचं द्रावण माझ्या हातून वाया गेलं तर? त्यानंतर दर आठवड्याला ते पट्टी पुढे करत आणि मी "उद्या" म्हणत असे. ते गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी ती पुढे केली होती. मी पिशवी खांद्याला लावत होते. "उद्या नक्की काका," मी म्हणाले. ते हसले आणि स्वतःच ओढायला वळले...

त्या संध्याकाळची साय डोळा फुटलेली निघाली, म्हणजे गोपभाईंच्या यंत्रात मी दुसऱ्या सकाळी बसवत होते ती आमच्याकडची शेवटची चांगली साय होती. ती दमली की सगळं बंद पडणार होतं. गोपभाई तेराव्याला येऊन गेले, बायजाआत्यांच्या पाया पडले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अदी, काकांनी मला सांगितलं होतं, गोप, तेरा एक भी ड्रम बाहर नहीं जाएगा. मी त्यांच्या शब्दावर मशीन घेतली. लेकिन ये पर्दा महिनाभर चालेल. फिर मैं क्या करूँ? मलाही ते ड्रम परत बाहर नाही पाठवायचे." सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. त्यांनी तगादा लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, मला चिडता तरी आलं असतं.

मी काकांची वही उघडली. त्या वहीला वही म्हणणं हे धाडसच आहे. बुडबुडे बसण्याच्या रकान्यात "दोन चहा". म्हणजे सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत, हे मला माहीत होतं. भट्टीच्या रकान्यात "बोट टेकवेना इतकं", त्याचे आकडे माझ्याकडे होते. पण पट्टी ओढण्याच्या रकान्यात पानामागून पानं एकच आकडा, १७. सतरा काय? मी सतरा सेकंद धरले. पहिली साय एका टोकाला चामड्यासारखी जाड झाली आणि दुसऱ्या टोकाला नावालाच उरली. मग काचेच्या कडेला सतरा खुणा करून पाहिल्या. मग एका खुणेला एक श्वास. एका आठवड्यात पाच साया डोळे फुटून बाजूला पडल्या. मला काकांचा राग आला. स्पष्ट लिहिते, कारण अशा लेखांत गेलेल्या माणसाचा कुणाला राग येत नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला एक सरळ वाक्य लिहिता येऊ नये? आणि त्याहून जास्त राग माझा मला आला. दर आठवड्याला एक "उद्या" म्हणताना मी कशाची वाट बघत होते?

त्या रविवारी बदलापूरला बायजाआत्यांकडे गेले. त्या काकांचे कपडे घड्या घालून ठेवत होत्या. बोलता बोलता मी म्हणाले, काका पट्टी ओढताना कुठला जप करायचे, तो तरी मला सांगा, मीही करते. आत्यांनी घडी अर्धीच ठेवली.

"जप कसला गो बाय? देवाचा नाव तो सणाला पन घेत नसं. पाढा म्हनायचा तो. सतराचा. दाढी करताना पन त्योच चालायचा."

"सतराचा पाढा?"

"शाळंत गुरुजी त्याला रोज इचारायचं. सतरा सात्यापर्यंत यायचा न् अडकायचा. मंग छडी. घरला येताना बांधावरून म्हनत यायचा, तरी तिथंच अडकायचा. म्हातारा झाला तरी अडकायचाच." आणि त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले. पण खोटं कशाला बोलू, माझं अर्धं मन तेव्हाच गाळ्यात जाऊन पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी द्रावण केलं, दोन चहा थांबले, दार लावलं आणि पट्टी हातात घेतली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न... हात आपोआप एका लयीत आला. साय वाळली, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या सायांपेक्षा बरी निघाली. काच दोन तृतीयांश ओलांडेपर्यंत ती अगदी काकांच्या हातची वाटत होती. त्यापुढे मात्र विरळ. तरीही चाचणीला लावली. आमची चाचणी काकांनी गावठी ठेवली होती. निळा मोरचूद तव्यावर भाजला की पांढरा होतो. त्याची चिमूट गाळलेल्या अल्कोहोलमध्ये टाकायची. पाणी शिल्लक असेल तर तो परत निळा होतो. माझी चिमूट पडता पडताच निळी झाली.

मी स्टुलावर बसून राहिले. पाढा तर बरोबर म्हटला होता. कॉन्व्हेंटच्या पोरांना येत नाही, पण मला नगरपालिकेच्या शाळेतल्या बाईंनी तो घोटून घेतलेला, अडखळायचं कामच नाही... आणि तिथेच मला कळलं. अडखळायचं कामच होतं! पट्टी काचेच्या शेवटाकडे जाते तसं पुढे ढकललेलं द्रावण संपत येतं. तिथे हात सावकाश झाला तर द्रावणाला पट्टीखाली भरून यायला वेळ मिळतो. काकांचा हात सतरा सात्यापाशी, सात वर्षांचं पोर छडीच्या भीतीने जसं आठवत उभं राहतं तसा, दर वेळी सावकाश व्हायचा. हे त्यांना ठाऊक होतं का? मला नाही वाटत. ठाऊक असतं तर त्यांनी वहीत त्यासाठीही एखादा चहा लिहिला असता.

त्यानंतर तीन साया वाया गेल्या, कारण चुकायचं ठरवून चुकणं फार कठीण असतं. एकदा जास्त थांबले तर आडवी रेघ उठली, एकदा थांबायचंच विसरले, एकदा हसू आलं. चौथी ट्यूबलाइटसमोर धरली. एकही डोळा फुटला नव्हता. ती शेकून, गुंडाळून कॅम्प दोनला नेली. तोवर जुना पडदा दमलाच होता आणि कोपऱ्यात भरलेले दोन ड्रम उभे होते. मी बोल्ट समोरासमोरचे आवळले. पंप सुरू झाला. संध्याकाळी गोपभाईंनी स्वतःच्या हाताने वाटीत अल्कोहोल काढलं आणि मी चिमूट टाकली. आम्ही दोघं वाटीवर वाकून बघत बसलो. मोरचूद पांढराच राहिला. "काका आले," गोपभाई म्हणाले आणि त्यांनी कामगारांना चहा सांगितला. ते दोन ड्रम बाहेर गेले नाहीत.

आता दर सोमवारी मी साय ओढते. शहाडच्या एका छोट्या कारखान्यालाही हवी आहे, तिथल्या चौकटीचं माप घेऊन आले आहे. मोटारीच्या पट्टीचा विचार मी सोडलेला नाही. मोटारीला कुठे सावकाश व्हायचं हे आता सांगता येईल, आणि काका असते तर आमचं परत भांडण झालं असतं. वहीत मी नवं पान सुरू केलं आहे, माणसाला कळेल अशा भाषेत. सेकंद लिहिले आहेत, अंतर लिहिलं आहे. गाळ्यात काकांची काच तशीच आहे, एका कोपऱ्याला टवका उडालेली. तिच्या या टोकाला मी द्रावण ओतते, पट्टी टेकवते आणि ओठांतल्या ओठांत सुरू करते. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी... दोन तृतीयांश काच मागे पडते. सतरा साते किती, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी मी तिथे अडकते.