आतला कान

पिंपरीच्या कारखान्यात लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडणारा एक मिस्त्री आमच्या शेजारी राहायचा. मीही त्याच कारखान्यात कामाला होतो. हातोड्यांच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला होता. चालताना तो भिंतीला हात लावी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आतला कान बिघडलाय. ऐकणं आणि तोल, दोन्ही तिथूनच चालतं." त्याने ही गोष्ट फक्त मला सांगितली, कामावर कळलं तर मिस्त्रीपण जाणार होतं.

एकदा साहेबांनी त्याला पाण्याच्या उंच टाकीवर चढायला सांगितलं. खाली आम्ही दहाजण काम करत होतो. तो शिडीपाशी थांबला.

"साहेब, मला चक्कर येती. पडलो तर ह्यांच्या अंगावर पडंन."

दुसऱ्या दिवशी त्याला झाडलोटीवर घातलं. घरी परतताना मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"व्हय," तो म्हणाला. "पर आता भ्या न्हाई वाटत."